खिंडीबाहेरचं घर

नोर्डरवीर,
३ सप्टेंबर

चि. एप्पो यास,
फेन्नाताईचे अनेक आशीर्वाद. बरेच दिवस साठले होते, एकदम पाठवते आहे.

फोनवर पुन्हा भांडायचं नाही असं आपलं ठरलं, म्हणून कागद घेतला. पत्राचं एक बरं असतं, तुला मध्येच बोलता येत नाही. विलेमीनची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, एप्पोला वाकायला लाव, त्याने जन्मात काही उचललेलं नाही.

इथे बांध सांभाळणाऱ्या जलमंडळाची माणसं पुन्हा येऊन गेली. या वेळी तिघं होती. मी कॉफी केली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. त्यातल्या एकाने डब्याकडे आशेने बघितलं, तेव्हाच मी ओळखलं की हा आपल्याकडचा नव्हे, आपल्याकडे एकावर दुसरं मिळत नाही. बोलायचं काम मारलोस नावाच्या मुलीकडे होतं. इंजिनियर आहे, लाल बूट घालते आणि वाईट बातमी इतक्या गोड आवाजात सांगते की आपणच तिचं सांत्वन करायला जावं. समुद्र वाढतोय, बांध आता पुरणार नाही, तो उंच आणि रुंद करावा लागेल, असं ती म्हणाली. मी म्हटलं करा की बाई, कोण नको म्हणतंय! तर म्हणाली, प्रश्न रुंद कुठल्या बाजूला करायचा हा आहे. मग तिने माझीच पेन्सिल घेऊन नकाशावर एक रेघ ओढली, ती नेमकी माझ्या पलंगावरून गेली.

तू भूगोलाचा मास्तर, तुला सांगायला नको, पण विलेमीनला समजावं म्हणून लिहिते. सगळं गाव बांधाच्या आत, आणि आमची धक्क्यावरची चार घरांची ओळ बांधाच्या बाहेर, समुद्राकडे. मध्ये बांधाला खिंड आहे, तिच्यातून मी, माझी सायकल आणि कोळंबीची गाडी ये-जा करतो. वादळ आलं की आम्ही आत यायचं आणि खिंडीत ओकाच्या फळ्या बसवून समुद्राला दार लावायचं. घर बाहेरच राहतं, ते आपलं नशीब आपण बघतं. आजवर बघत आलंय.

आता जलमंडळापुढे दोन बेत आहेत. पहिल्यात खिंड राहते, बांध गावाच्या कुरणाकडे रुंद होतो आणि माझं घर वाचतं. दुसऱ्यात खिंड कायमची मातीने बुजवतात, बांध समुद्राकडे पसरतो आणि आमची ओळ त्याच्या पोटात जाते. चार घरांपैकी एकात उन्हाळ्यापुरता एक चित्रकार येतो, एकात जाळी ठेवतात, एक रिकामं आहे. म्हणजे जाणार कोण, तर मी. हार्मने या घरात मला लग्न करून आणलं आणि याच घरातून त्याला नेलं. मला इथून हलायचं नाही, आणि याच्यावर तुझं मत मी विचारलेलं नाही.

निकाल ऑक्टोबरच्या तालमीवर आहे. आमच्या फळी-पथकाने खिंड पाणी न झिरपता बंद करून दाखवली, तर मंडळ पहिला बेत घेईल. हार्मनंतर पथकाची प्रमुख मी आहे, हे तुला माहीत आहे. रेइन्ट अजून हातोडा सोडत नाही, वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी. वुब्बो बेकरी बंद ठेवून येतो. नियम तोच जुना, धक्क्यावरच्या लोखंडी कड्याला पाणी लागलं की प्रमुखाने ‘फळी’ म्हणायचं आणि शेवटच्या फळ्या बसवायच्या, मग बाहेर कोणी का असेना. एवढी वर्षं ही खिंड आम्ही लढवली, ती काय एका रेघेपुढे सोडायची?

अडचण एकच आहे. फळ्यांच्या दोन रांगा असतात आणि मधल्या पोकळीत शेणखत ठासून भरावं लागतं, त्याशिवाय पाणी अडत नाही. हल्ली शेतकऱ्यांचे गोठे असे झालेत की शेणाचं नुसतं पाणी मिळतं. ठासायला घट्ट माल पाहिजे. तुमच्या शेजारी घोडेस्वारीची शाळा आहे ना? मला ट्रेलरभर लीद पाठव. तुझ्याकडे मी जन्मात काही मागितलेलं नाही.

लोभ आहेच, तो कुठे जातोय, पण आधी लीद पाठव.
तुझी,
फेन्नाताई


आपेलडोर्न,
१० सप्टेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. (कंबर धरली असल्यामुळे खुर्चीत बसूनच. विलेमीनची बरी झाली, तिची मला लागली.)

तुझं पत्र पोचलं. मत विचारलेलं नाहीस तरी देतो, कारण चाळीस वर्षं मी न विचारणाऱ्यांनाच शिकवलं. ताई, समुद्र वाढतोय हे त्या लाल बुटांच्या मुलीचं मत नव्हे. हार्मभाऊजींच्या उमेदीत फळ्या किती वेळा लागल्या आणि गेल्या काही वर्षांत किती वेळा लागल्या, हे तूच आठवून बघ. तू ज्याला घर म्हणतेस त्याला मी नकाशात भरतीची जागा म्हणून रंगवायचो. तो रंगही निळाच, फक्त थोडा फिकट.

आमच्या माळ्यावरची खोली रिकामी आहे. खिडकीतून बीच जातीची उंच झाडं दिसतात. इथे पाणी यायचं तर आधी सगळा देश बुडावा लागेल, मग निदान आपल्याला सोबत तरी भरपूर असेल. तू ये. हट्टाला वयाची मर्यादा असावी असं मला वाटतं.

लिदीचं काम मात्र केलं. स्वारीशाळेच्या बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, बागेला हवी का? मी म्हटलं नाही, समुद्र अडवायला हवी. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विलेमीन घरी आहे का म्हणून चौकशी केली. मग सगळं समजावून सांगितल्यावर खूश झाल्या. त्यांच्या घोड्यांची नावं आपल्या घराण्याच्या नावाहून लांब आहेत, त्यामुळे माल उच्च प्रतीचा असणार. त्यांचा मोतद्दार ऑक्टोबरात तुमच्या बाजूला घोडा पोचवायला जाणार आहे, तोच ट्रेलर आणील. मी येऊ शकत नाही, कंबर.

तुझी माया आहे तशीच राहो, हट्ट तेवढा कमी होवो.
तुझा आज्ञाधारक (तुझ्या दृष्टीने नसलेला) भाऊ,
एप्पो

ता. क. वन्सं, ह्यांच्यावर विश्वास ठेवू नका. लीद बघायला तीनदा जाऊन आले. काल शेजारच्या चहापार्टीत माझी बहीण समुद्र बंद करते म्हणून सगळ्यांना सांगत होते, आणि छाती अशी की कोट बसेना. खोली मात्र खरंच झाडून ठेवली आहे. — विलेमीन


नोर्डरवीर,
२० ऑक्टोबर

चि. एप्पो,
आशीर्वाद देते आहे, पण आज दात खाऊन देते आहे.

तालीम झाली. कशी झाली ते ऐक. सकाळी सगळं गाव बांधावर जमलं होतं. मारलोस आली, तिचे साहेब आले, त्यांच्यामागे मंडळाची आणखी काही माणसं, सगळ्यांच्या पायात नवे कोरे बूट. खिंडीबाहेर वाळूच्या थैल्यांचं कडं करून मध्ये बंबाने पाणी सोडायचं ठरलं होतं, म्हणजे फळ्यांवर खरोखरचा दाब येईल. आम्ही फळ्या बसवल्या. काय सुरेख बसल्या म्हणून सांगू! रेइन्टने एकेका फळीवर हातोडा असा मारला की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग तुझी लीद भरली. वास खानदानी होता यात शंका नाही. वुब्बो आत उतरून नाचून नाचून तुडवत होता. मी वरून ओरडत होते, हाण अजून हाण. मी तर मनातल्या मनात तुला क्षमा करून टाकली होती.

पाणी चढलं. पहिल्यांदा काही नाही. मग लीद हळूच वर यायला लागली. एप्पो, ती तरंगली! तुझ्या त्या लांब नावांच्या घोड्यांखाली पेंढा घालत नाहीत, रंध्याचा भुसा घालतात. घोड्यांना पेंढ्याने शिंका येतात म्हणे. भुसा फुगला, वर आला आणि बाकीचा माल पातळ होऊन फळीफळीच्या फटीतून निघाला. साहेब खिंडीच्या तोंडाशीच उभे होते, जवळून बघावं म्हणून. ते खाली आपल्या बुटांकडे बघत राहिले. रेइन्टने त्यांना धीर दिला की चामड्याला चांगली असते.

सगळं गाव हसत होतं. मीही हसले, म्हणजे दात दाखवले. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात बसून रडले, हे तुला लिहिते आहे ते कोणाला सांगू नकोस. माझं घर जायचं ते घोड्याच्या शिंकेपायी जायचं, याला काय म्हणावं?

मारलोस संध्याकाळी एकटी आली. मला वाटलं निकाल सांगायला आली, तर तिने नाताळच्या आधी आणखी एक तालीम मागून घेतली होती साहेबांकडून. मंडळाचा कल दुसऱ्या बेताकडे आहे हे तिने लपवलं नाही. मी तिला दुसरं बिस्किट दिलं. बिचारी इतकी गोंधळली की ते तिने रुमालात बांधून नेलं.

तेव्हा आता खरं शेणखत हवं, पेंढ्याचं, कुजलेलं, घट्ट. ते मिळालं नाही तर पुढल्या वर्षी माझ्या पलंगावर बांध येईल आणि त्यावर मेंढ्या चरतील.

लोभाचं काय ते पुढच्या ट्रेलरवर ठरेल.
तुझी,
फेन्नाताई


आपेलडोर्न,
२८ ऑक्टोबर

ती. ताईस,
तोंड लपवून शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र विलेमीनने मोठ्याने वाचलं आणि बुटांच्या जागी आल्यावर तिला खुर्ची धरावी लागली. मी हसलो नाही. मी भुशाकडे बघितलंच नव्हतं. सगळा जन्म मुलांना सांगत आलो की आधी निरीक्षण करा.

प्रायश्चित्त सुरू केलं आहे. आमच्या गावात मुलांसाठी शेळ्या, गाढव आणि बटू घोडे पाळलेली एक वाडी आहे, रविवारी लहान पोरं त्यांना गवत घालायला येतात. तिथे अजून पेंढाच घालतात. वाडीवालीने सांगितलं, खत फुकट घेऊन जा, पण उपसायचं तुम्हीच. ताई, मी उपसतो आहे. कंबरेचं काही म्हणू नकोस, ती आता कुठे आहे तेच कळत नाही. परवा माझा एक जुना विद्यार्थी नातीला घेऊन आला होता. त्याने फावड्यासकट मला बघितलं, टोपी काढली आणि नातीला सांगितलं की या सरांनी मला नद्या शिकवल्या. नातीने विचारलं, मग आता हे काय शिकतात? शेळीच्या लेंड्या, गाढवाची लीद आणि कुजका पेंढा, असं मिश्रण मी मुठीत दाबून, बादलीत बुडवून तपासलं आहे. विलेमीनची चांगली बादली होती, ती आता माझीच झाली.

या खेपेला माल मी स्वतः घेऊन येतो, डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलासच्या सणाला. सण तुझ्याकडे करू, मग तालमीपर्यंत राहीन. पण एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. मी हे खत तुझं घर वाचावं म्हणून आणत नाही. तू मागितलंस म्हणून आणतो. घराबद्दलचं माझं मत जिथे होतं तिथेच आहे, समुद्रसपाटीपासून भरपूर उंचावर.

रागावलीस तरी चालेल, पण जेवायला वाढ.
तुझा,
एप्पो

ता. क. वन्सं, सणाला तुमच्यावर चेष्टेची कविता करताहेत, दर वर्षीसारखी निनावी. ‘फेन्ना’ला यमक सापडत नाही म्हणून दोन दिवस घरात बोलत नाहीत. मला फार शांत वाटतंय, घाई करू नका. — विलेमीन


आपेलडोर्न,
११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन!

सुखरूप पोचलो. तालीम समुद्राने स्वतःच घेतली, आता मंडळ काय बोलणार? विलेमीन नव्हती, म्हणून तिला सगळं सांगतो आहे, दर खेपेला थोडं वाढवून. ती म्हणते हे एकदा लिहून काढा, म्हणजे गोष्ट एकच राहील. तर हे तिच्यासाठीही समज.

सणाची मजा झाली, माझी कविता तू शेगडीत टाकलीस तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी जलमंडळाचा निरोप आला की वायव्येचा वारा आणि मोठी भरती एकदम येताहेत, खिंड बंद करा. तू तेव्हा बटाटे सोलत होतीस. सुरी ठेवलीस, एप्रन काढलास आणि माझ्याकडे असं बघितलंस की मीही उभा राहिलो. हार्मभाऊजींचा मेणकापडी कोट मला दिलास. तो मला गुडघ्यापर्यंत आला, मी त्यात गावच्या बुजगावण्यासारखा दिसत होतो, हे वुब्बोने मला दोनदा सांगितलं.

काय काम झालं, ताई! खत पोकळीत असं बसलं की जणू शेळ्यांनी त्यासाठीच जन्म घेतला होता. मीही तुडवलं. अर्ध्याहून अधिक फळ्या लागल्या आणि मला आठवण झाली की वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं तुझ्या शेगडीवरच राहिलंय. सगळ्या पथकाचं जेवण ते. थंडीने लोकांची बोटं वाकडी झालेली, आणि त्यातून सूप बाहेर समुद्राकडे आणि आपण आत, हे काही मला पटेना. पटकन जाऊन येतो म्हणून मी निघालो. तू वर, फळ्या खाली सोडायच्या कप्पीपाशी होतीस, रेइन्टने मात्र मान हलवली होती. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते विचारायचं राहिलं.

घरात झाकण सापडेना. मग शेगडी बंद करावी म्हटलं. मग तुझ्या पलंगावरची गोधडी माळ्यावर टाकावी असं वाटलं, पाणी आलं तर भिजेल. तुझ्या दारातून बाहेर पडलो तर धक्का दिसेना. त्या लोखंडी कड्याचं तर नावच नको. पातेलं पोटाशी धरून खिंडीपाशी आलो तोवर सगळं बंद, फळ्या माझ्या डोक्याच्या वर. बरोबरच होतं. मग काय, बांधावर चढलो. बाहेरच्या बाजूचा दगड शेवाळलेला, लाटा पायाशी, आणि वारा असा की मेंढीसुद्धा उडावी. मी चार पायांवर गेलो, म्हणजे तीन, चौथ्यात पातेलं. झाकण वाऱ्याने नेलं, ते बहुतेक आता जर्मनीत असेल. माथ्यावर पोचलो तेव्हा वुब्बोने मला आधी विचारलं की किती उरलं? जवळजवळ निम्मं उरलं होतं. सगळ्यांना पुरलं.

आणि खिंड एक थेंबही गळली नाही! मारलोस पावसात उभी राहून फळ्यांना हात लावून बघत होती, बाळाचा ताप बघावा तशी. तुझ्या घरात पाणी खिडकीच्या कट्ट्याला लागलं, ते पुसायला चार दिवस गेले, पण घर उभं आहे. तू जिंकलीस, ताई. मी हरलो आणि मला आनंद झाला आहे.

एक विचारायचं आहे. तू त्या संध्याकाळपासून माझ्याशी फार बोलली नाहीस. सुपाचं दुःख असेल तर नवं करून देतो.

लोभाचा साठा आहे तोवर वाटत राहा.
तुझा,
एप्पो


नोर्डरवीर,
२२ जानेवारी

चि. एप्पो यास,
अनेक आशीर्वाद, मनापासून.

उत्तराला उशीर झाला. नाताळात नुसतं कार्ड पाठवलं, त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही, लिहवत नव्हतं म्हणून.

काल गावसभा झाली, जलमंडळाची. सगळ्यांनी सगळं बोलून घ्यायची ती नेहमीची सभा. कॉफी पहिल्या तासातच संपली. साहेब आले होते, बूट जुने घालून आले होते, शहाणे झाले. त्यांनी पथकाची स्तुती केली. खिंड ठेवायला मंडळ तयार आहे, फळ्यांच्या जागी पोलादी दरवाजाही देऊ, श्रीमती फेन्ना यांचं घर राहील, असं त्यांनी जाहीर केलं. लोकांनी बाकं बडवली. रेइन्ट उठून उभा राहिला, त्याला उभं राहायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे.

मग मी उठले आणि सांगितलं की खिंड बुजवा.

वुब्बो म्हणाला, फेन्ना, तुला बरं नाही का? मारलोस रडायला लागली, ती कशाला रडली कोण जाणे, तिचाच तर बेत तो. मी सांगितलं की मला बरं आहे. बांध समुद्राकडे पसरवा, माझ्या घरावरून न्या. मी आता वुब्बोच्या बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहणार आहे, बांधाच्या आत. आणि तुझ्या डोंगरावर येणार नाही, हे इथेच लिहून टाकते, उगाच नाचायला लागू नकोस. तुमच्याकडे वारा नाही, आणि झाडांमुळे काही दिसत नाही.

सभेत कारण सांगितलं नाही. तुला सांगते.

तू सुपाची गोष्ट फार छान रंगवून लिहिलीस. मी ती वाचली आणि बाजूला ठेवली. तू गेलास हे मला माहीत नव्हतं असं तुला वाटतं. मला माहीत होतं. मी कप्पीवरून तुला जाताना बघितलं, कोट वाऱ्याने फुगलेला. ओरडणार होते, पण तेवढ्यात दोर अडकला. तो सुटला आणि मी बघितलं तर पाणी कड्याला लागलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वुब्बो म्हणाला, एप्पो बाहेर आहे. रेइन्ट हातोडा धरून थांबला. आत चारशे माणसं, एप्पो, आणि शाळेतून नुकतीच सुटलेली पोरं. मी फळी म्हटलं. मग कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं. तू हाक मारलीस तर ती मला ऐकू येऊ नये म्हणून.

तू वर आलास तेव्हा सगळे हसत होते, मीही हसले. रात्री तू वुब्बोकडे झोपलास आणि मी खाली बेकरीत खुर्चीवर बसून राहिले. आयुष्यात मी पुष्कळ वेळा फळी म्हटलं. बाहेर घर असायचं माझं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही, उलट मिरवत आले. हार्म म्हणायचा, घराला काय, पुसलं की झालं. माणूस पुसून होत नाही.

आणि तू म्हणतोस ते खरं आहे, हे लिहायला मला किती जड जातंय बघ. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं फळ्या नुसत्या तालमीला लागायच्या. आता दर हिवाळ्यात लागतात. पुढे महिन्यातून लागतील. जोवर खिंड आहे आणि बाहेर घर आहे, तोवर कोणीतरी काहीतरी आणायला बाहेर जाणारच, सूप नाही तर मांजर, मांजर नाही तर चष्मा. आणि माझ्यानंतर जी कोणी प्रमुख होईल तिला फळी म्हणावं लागेल. दरवाजा पोलादी केला म्हणून तो शब्द हलका होत नाही. मला तो पुन्हा म्हणवणार नाही, एप्पो, आणि मी नाही म्हटलं तर गाव बुडेल. म्हणून भोकच नको.

एवढंच. तू माझ्यावर रागव, मला बरं वाटेल. तू काहीच म्हणत नाहीस म्हणून जीव घाबरा होतो.

तुझ्यावर माझा फार जीव आहे. हे मी पूर्वी लिहिलं नव्हतं, आता लिहिते.
तुझी ताई,
फेन्ना


आपेलडोर्न,
२७ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार. आज खरोखर वाकून केला, विलेमीन साक्षीला आहे. पुन्हा उभं तिनेच केलं.

तुझं पत्र दोघांनी वाचलं. विलेमीन माळ्यावर गेली आणि ती खोली पाहुण्यांची केली. तू राहायला येणार नाहीस, तर निदान पाहुणी म्हणून ये, आणि बेकरीतून रिकाम्या हाताने येऊ नकोस. मी मार्चमध्ये सामान हलवायला येतो. जड काही उचलणार नाही, सूचना देईन.

रागवायला सांगितलंस, तर प्रयत्न करून बघितला. जमला नाही. त्याचं कारण असं की माझ्या गोष्टीत मी एक जागा रंगवून लिहिली होती, ती आता सरळ करून देतो. मी आलो तोवर सगळं बंद झालेलं होतं असं मी लिहिलं. तसं नव्हतं. मी घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा वरच्या फळ्या बसायच्या होत्या. तुझा आवाज मी ऐकला, फळी म्हणालीस तो. कप्पीचा दोर हलताना दिसला. मी तिथून ओरडलो असतो तर आत ऐकू गेलं असतं, वारा माझ्या पाठीकडून होता. वुब्बोने तर नक्की ऐकलं असतं.

तुझं यंत्र तुझ्या खिशात आहे हे मला कुठे माहीत होतं? मला एवढंच ठाऊक होतं की माझी ताई आहे, आणि मी हाक मारली तर ती थांबेल. म्हणून मी तोंड घट्ट मिटलं आणि बांधाकडे वळलो.

कळावे. तुझी माया मला कायमच पुरून उरली आहे, तशीच उरू दे.
तुझा धाकटा भाऊ,
एप्पो